पैठणला खालचे, बाभळीला वरचे

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

ब्रह्मपुत्रेवरील चिनी धरणाविषयीचा तुझा निबंध वाचला. जुलै 2025 मध्ये चीनने तिबेटातील मेदोग येथे सुमारे 60,000 मेगावॉट क्षमतेच्या जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले आणि खालच्या देशांना विश्वासात घेतले नाही, हा तुझा राग रास्त आहे. तरीही निबंध परत पाठवत आहे, कारण तो एकाच काठावर उभे राहून लिहिलेला आहे. धर्माबाद तालुक्यातल्या मुलीकडून माझी अपेक्षा वेगळी होती.

माझे घर परभणी जिल्ह्यात, पैठणच्या जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला. आवर्तन सुटले तरी आमच्या चारीत पाणी पोहोचेल याचा भरवसा नसे, त्यामुळे नाशिक-नगरकडच्या धरणांविषयी मनात अढी बाळगूनच मी मोठा झालो. राज्याच्या 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने ‘समन्यायी पाणीवाटप’ हे शब्द आमच्या हाती दिले. 2014 मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने, जायकवाडीचा उपयुक्त साठा ऑक्टोबरच्या मध्यास 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे ठरवून दिले. त्या काळात मी वर्गात तावातावाने सांगत असे, की नदी अडवणाऱ्याला खालच्या माणसाची तहान कळतच नाही. एकदा निजामाबादच्या एका प्राध्यापक मित्राने माझे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “मग बाभळीचे काय?”

बाभळीचा बंधारा तुमच्याच तालुक्यात आहे. क्षमता 2.74 टीएमसी (अब्ज घनफूट), पण तो खालच्या, आता तेलंगणात असलेल्या श्रीरामसागर धरणाच्या फुगवट्यातच येत असल्याने त्यावरून महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश ही दोन राज्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 2013 च्या निकालानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडावे लागते. तुमच्याकडचे लोक यावर किती चिडतात, हे तुला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. म्हणजे तीच गोदावरी, तोच मराठवाडा. पैठणला आपण खालचे आणि बाभळीला वरचे. त्या दिवशी मित्राला मी काहीबाही उत्तर दिले. ते मला स्वतःलाच पटले नव्हते.

भारताचेही नेमके हेच आहे. ब्रह्मपुत्रेवर आपण चीनच्या खाली, तर चिनाब-झेलमवर पाकिस्तानच्या वर आणि गंगेवर बांगलादेशाच्या वर. मेदोगच्या प्रकल्पाने खालच्यांचे नुकसान होणार नाही, असे बीजिंग सांगते. काश्मिरात झेलमच्या उपनदीवर बांधलेल्या किशनगंगा जलविद्युत प्रकल्पाबाबत आपणही पाकिस्तानला तेच सांगत होतो. दोन्ही दावे सारखेच खरे किंवा सारखेच खोटे आहेत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. किशनगंगेच्या मागे 1960 चा सिंधू जलकरार होता, त्यात तक्रारीची वाट आखून दिलेली होती आणि आपण त्या वाटेने लवादापर्यंत गेलोही. चीनशी आपला पाणीवाटपाचा कोणताच करार नाही. मात्र पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल 2025 मध्ये आपण सिंधू करार स्थगित ठेवला आहे, आणि तो निर्णय तुला योग्य वाटत असला तरी बीजिंगमध्ये बसलेला मुत्सद्दी त्यातून कोणता धडा घेईल, याची नोंद तुझ्या निबंधात असायला हवी होती.

1997 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आंतरराष्ट्रीय नद्यांच्या वापराविषयीच्या करारावर मतदान झाले, त्याचा तक्ता अवश्य पाहा. चीन, तुर्कस्तान आणि बुरुंडी या तिघांनी विरोधात मत दिले. तिघेही वरचे. भारत तटस्थ राहिला. त्यामागची अधिकृत कारणे वेगळी आहेत आणि तीही तू वाचशीलच, पण टेलच्या शेतकऱ्याला आणि बाभळीकाठच्या शेतकऱ्याला एकाच कागदावर सही करायला सांगितली, तर दोघांचा हात कसा अडखळेल, ते मी डोळ्यांसमोर आणतो.

ही तुलना एका ठिकाणी मोडते, तेही सांगितले पाहिजे. गोदावरीच्या भांडणात कोणीही हरला तरी वर न्यायालय आहे आणि त्याचा हुकूम मानावा लागतो. ब्रह्मपुत्रेवर असे कोणी नाही. तिथे हातात उरते ती माहिती, व्यापार, सैन्य आणि शेजाऱ्यांची साथ. त्यांतली माहिती आपण फार हलक्यात घेतो. 2017 मध्ये डोकलाम येथे भारत-चीन सैन्यांचा पेच चालू असताना चीनकडून ब्रह्मपुत्रेच्या पुराची आकडेवारी आपल्याला मिळाली नव्हती. पुढच्या वर्षी ती पुन्हा सुरू झाली. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत सीना आणि गोदावरीकाठच्या गावांनी जे भोगले ते तू पाहिले आहेस, तेव्हा वरून किती क्यूसेक (सेकंदाला घनफूट) पाणी सुटले आणि ते आपल्या शिवारात कधी पोहोचणार, हे वेळेवर कळण्याची किंमत तुला निराळी समजावून सांगायला नको. हवा तापत जाईल तशी ती अधिक बाष्प धरते आणि कमी दिवसांत अधिक पाऊस टाकते. आपले वाटपाचे बहुतेक नियम मात्र टंचाई डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत.

हवामानाच्या वाटाघाटींतही आपल्याला दोन खुर्च्या आहेत. 2024 मध्ये बाकूच्या परिषदेत श्रीमंत देशांच्या पुढाकाराने 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलर उभे करण्याचे ठरले, तेव्हा ती रक्कम अपुरी म्हणून भारताने उघड हरकत घेतली, आणि दरडोई उत्सर्जन पाहता ती योग्यच होती. पण एकूण उत्सर्जनात आपण जगात तिसरे आहोत. समुद्र वाढताना पाहणाऱ्या मालदीवच्या माणसाला आपण खालचे दिसत नाही.

आता काम सांगतो. भारत-बांगलादेश गंगा पाणीवाटप करार 12 डिसेंबर 1996 रोजी झाला, मुदत 30 वर्षांची. त्याचा मूळ मसुदा आणि गंगेवरील फरक्का बंधाऱ्याच्या पाण्याचे दहा-दहा दिवसांचे वाटप दाखवणारे परिशिष्ट वाच. मग नव्या करारासाठी दोन टिपणे लिही, आधी ढाक्याच्या बाजूने, नंतर दिल्लीच्या. ढाक्याचे टिपण लिहून झाले की ते घरी वडिलांना, बाभळीचे नाव न घेता, वाचून दाखव आणि ते काय म्हणतात ते मला कळव.

तुझा,
सर