उद्दिष्ट ठरवण्याआधी त्याचा प्रकार ओळखावा

आपण लिहिले आहे की बढती मिळवणे, जर्मन शिकणे आणि वजन कमी करणे अशी तीन उद्दिष्टे आपण जानेवारीत ठरवली आणि मार्च संपेपर्यंत तिन्ही मागे पडली. आपली चिकाटी कमी पडली असे मला वाटत नाही. तीन निरनिराळ्या प्रकारची उद्दिष्टे आपण एकाच साच्यात बसवली, अडचण तिथे आहे.

‘जमेल तेवढे करा’ असे सांगण्यापेक्षा नेमके आणि कठीण उद्दिष्ट दिले तर काम अधिक होते, हा विचार मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी 1968 मध्ये मांडला आणि पुढे सहसंशोधक गॅरी लॅथम यांच्यासह विस्ताराने विकसित केला. लॅथम यांचा अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील लाकूड वाहणाऱ्या ट्रकचालकांवरील अभ्यास 1975 मध्ये प्रसिद्ध झाला. हे चालक कायद्याने ठरलेल्या कमाल वजनाच्या सुमारे 60 टक्केच माल भरत असत. त्यांना 94 टक्क्यांचे उद्दिष्ट दिल्यावर, कोणताही जादा मोबदला नसताना, हे प्रमाण काही महिन्यांत 90 टक्क्यांच्या आसपास पोहोचले. हा दाखला पुष्कळ जण देतात, पण ट्रक कसा भरायचा हे त्या चालकांना आधीपासून येत होते, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

जर्मनचे तसे नाही. काम नवे आणि गुंतागुंतीचे असेल तर आकड्याचे उद्दिष्ट अडथळाही ठरू शकते, हे लॅथम यांच्याच नंतरच्या संशोधनात दिसून आले. म्हणून पहिले दोन महिने ‘इतके शब्द पाठ’ असे काही ठरवू नका. शब्द कोणत्या पद्धतीने लक्षात राहतात, ऐकून की लिहून, सकाळी की रात्री, हे शोधणे हेच त्या काळातले उद्दिष्ट समजा. ते उमगले की पुण्याच्या मॅक्सम्युलर भवन या जर्मन भाषा संस्थेतील ए-1, म्हणजे सर्वांत प्राथमिक पातळीच्या, परीक्षेची तारीख धरा. तिथे उत्तीर्ण होण्यासाठी 100 पैकी 60 गुण लागतात, आणि वाचन, श्रवण व लेखनाबरोबर संभाषणही असते, ज्याची तयारी एकट्याने होत नाही.

बढतीचा निर्णय दुसऱ्यांच्या हाती असतो, त्यामुळे ती आपली इच्छा असू शकते, पण उद्दिष्ट म्हणून ती टिकत नाही. वरच्या पदावरील व्यक्तीकडून कोणत्या कामांची अपेक्षा असते हे वरिष्ठांना स्पष्ट विचारा आणि त्यांपैकी एक काम आताच्याच पदावर असताना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, अंगावर घ्या. याला मी तिन्हींत सर्वाधिक महत्त्व देईन, कारण त्यातून मिळणारा अनुभव बढती न मिळाली तरी आपल्याकडेच राहतो.

वजनासाठी मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अभ्यासलेली ‘जर-तर’ पद्धत पुरेशी आहे: कार्यालयातून घरी पोहोचलो, तर बूट न काढता अर्धा तास चालून यायचे. हे आजपासून सुरू करा, वरिष्ठांशी याच महिन्यात बोला, आणि चालणे अंगवळणी पडल्यावरच जर्मनला हात घाला.