एखाद्या प्रांतापुरतं काम करणाऱ्या पर्यावरण गटांमुळे हवामान बदलाच्या प्रश्नात खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की प्रश्न साऱ्या पृथ्वीचा असताना चार-दोन जिल्ह्यांत किंवा एका प्रांतात निवेदनं देऊन आणि मोर्चे काढून काय साधणार. माझं उत्तर ठाम आहे: फरक पडतो. वीजकेंद्र किती वर्षं चालवायचं, धुरांड्यातून किती गंधक सोडू द्यायचं, विजेचा दर कसा ठरवायचा, हे निर्णय बहुतेक ठिकाणी प्रांताच्या किंवा राज्याच्या पातळीवर होतात. जागतिक परिषदेत उद्दिष्टं ठरतात. धुरांडं बंद करण्याच्या आदेशावर सही मात्र जवळच्याच कुठल्यातरी कचेरीत होते, आणि तिथवर लोकांना पोचता येतं.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताचं उदाहरण. २००३ च्या सुमारास तिथली जवळपास पाव हिस्सा वीज कोळशापासून होत होती. ईरी सरोवराच्या काठावरचं नँटिकोक हे जवळजवळ ४,००० मेगावॉटचं केंद्र तर उत्तर अमेरिकेतलं सर्वांत मोठं कोळसा केंद्र होतं. उन्हाळ्यात धुरक्याने लोक हैराण व्हायचे. धुरांड्यांतून आणि गाड्यांतून निघणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडवर कडक ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो. त्यात बारीक धूलिकण मिसळले की दम्याच्या रुग्णाला घराबाहेर पडणं अवघड होतं. २००५ साली त्या प्रांतात धुरक्याचा इशारा लागू असलेले ५३ दिवस नोंदले गेले.

तिथे १९९७ साली ऑन्टारियो क्लीन एअर अलायन्स ही संघटना उभी राहिली. त्यांनी मागणी एकच ठेवली: कोळसा केंद्रं बंद करण्याची तारीख द्या. प्रांतातल्या डॉक्टरांच्या संघटनेने प्रदूषित हवेमुळे किती आजारपण येतं आणि त्यावर किती खर्च होतो याचे अंदाज प्रसिद्ध केले. विषय वितळणाऱ्या हिमनगांवरून थेट दवाखान्याच्या रांगेत आला. २००३ च्या निवडणुकीपर्यंत तिन्ही प्रमुख पक्ष कोळसा बंद करण्याचं आश्वासन देत होते, वाद उरला होता तो फक्त वर्षाचा. जिंकलेल्या पक्षाने २००७ चा शब्द दिला आणि तो पाळला नाही. मुदत पुढे ढकलली गेली, पुन्हा ढकलली गेली. माझ्या मते चळवळीची खरी कसोटी इथेच लागली, कारण घोषणा झाली की बहुतेकांना वाटतं आपण जिंकलो, आणि गर्दी पांगते. तिथे पाठपुरावा सुटला नाही. लेकव्ह्यू केंद्र २००५ मध्ये थांबलं, २०१३ अखेर नँटिकोकमध्ये कोळसा जळणं बंद झालं आणि एप्रिल २०१४ मध्ये थंडर बे इथलं शेवटचं केंद्रही थांबलं. पुढच्याच वर्षी कोळशावर वीज करायला बंदी घालणारा कायदा आला. दम्याच्या नावाने लढलेल्या या लढ्यात कार्बन उत्सर्जनही मोठ्या प्रमाणात घटलं.

मात्र हे यश जसं आहे तसंच सांगायला हवं. कोळशाची जागा प्रामुख्याने पुन्हा सुरू केलेल्या अणुभट्ट्यांनी आणि नैसर्गिक वायूने घेतली, पवनऊर्जा आणि वीजबचत त्यानंतर. नँटिकोकच्या जागेवर २०१९ मध्ये सौर प्रकल्प सुरू झाला, पण तो ४४ मेगावॉटचा आहे. शिवाय विजेची बिलं वाढली आणि लोक चिडले. २०१८ मध्ये सरकार बदलल्यावर अक्षय ऊर्जेचे ७५८ करार एका फटक्यात रद्द झाले. स्वच्छ ऊर्जा मागणाऱ्यांनी बिलाच्या प्रश्नाला सुरुवातीपासून उत्तर ठेवलं नाही, तर लोक दुरावतात आणि त्यांना दोष देता येत नाही.

हवा सीमा पाळत नाही हेही खरं. ऑन्टारियोतल्या धुरक्याचा मोठा भाग अमेरिकेतून वाऱ्याबरोबर येत होता. म्हणून प्रादेशिक काम म्हणजे शेजाऱ्यांना सोबत घेणंही आलं. युरोपातल्या देशांनी आम्लपावसावरून १९७९ मध्ये जिनिव्हात करार केला तो याच गरजेतून. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांनीही देशपातळीवरच्या कायद्याची वाट न पाहता २००९ पासून वीजकेंद्रांच्या कार्बनवर एकत्र मर्यादा घातली.

तुम्ही अशा कामात उतरणार असाल तर एक सांगतो. प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल हातात आला की मी सारांश बाजूला ठेवतो आणि आधी परिशिष्टं उघडतो. हवा मोजण्याचं यंत्र कुठे ठेवलं होतं? धूर ज्या दिशेला जातो तिकडे, की वारा जिकडून येतो तिकडे? मोजणी कुठल्या महिन्यांत झाली? पावसाळ्यात धूळ धुऊन निघते. थंडीच्या रात्री गार हवा जमिनीलगत साचते, वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो आणि धूर खालीच कोंडतो. चोवीस तासांची सरासरी काढली की पहाटेचा तो कोंडलेला धूर आकड्यात बुडून जातो, म्हणून तासातासाची नोंद लेखी मागा. सुनावणीत तावातावाने केलेलं भाषण इतिवृत्तात एका ओळीत संपतं, पण अशा नेमक्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं आणि ते प्रकरण कोर्टात गेलं तर तिथेही उपयोगी पडतं.

मोर्चा जरूर काढा, पण सुनावणीची किंवा परवाना नूतनीकरणाची तारीख बघून काढा. आणि केंद्रात काम करणाऱ्या कामगारांशी पहिल्या दिवसापासून बोला. कुठल्या यंत्रणा बंद पडल्या आहेत, राख कुठे टाकली जाते, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. केंद्र बंद झालं तर पहिली झळ त्यांच्याच घराला बसणार असते, म्हणून त्यांच्या पुढच्या रोजगाराची मागणी तुमच्या निवेदनात पहिल्या पानावर असली पाहिजे.