सील नवं, गळती जुनीच: स्किड स्टिअरच्या चाकाचं काम

दादा, स्किड स्टिअरच्या (गोठ्यात-शेतात चालणाऱ्या छोट्या लोडरच्या) मागच्या उजव्या चाकाचं ऑइल सील (एक्सलभोवती तेल अडवणारी कडी) दोनदा बदललं, तरी महिनाभरात रिमच्या आतून तेल ओघळतंय, आता तिसरं कुठल्या कंपनीचं आणू, असं तुम्ही विचारलंय. कुठलंच आणू नका. आधी बेअरिंग बघा.

बूम (बकेट उचलणारा हात) वर असेल तर तिचं लॉक लावा, चेसिसखाली घोड्या (पक्के टेकू) द्या, नुसत्या जॅकवर विसंबू नका. मग टायरखाली पहार घालून उचकटून बघा. खटखट लागली तर समजा, सील बिचारं निर्दोष आहे. एक्सलच हलत असेल तर महागातल्या सीलची लिपसुद्धा (एक्सलला टेकणारी मऊ कड) त्यावर नीट टेकणार नाही.

या मशीनची चाकं वळत नाहीत. एका बाजूची पुढे, दुसरीकडची हळू किंवा उलटी फिरतात आणि चारही टायर आडवे घासटत जातात. तो सगळा आडवा भार एक्सलच्या टेपर बेअरिंगवर येतो. गोठ्याच्या काँक्रीटवर जागच्या जागी गरगर फिरवायची ड्रायव्हरला सवय असेल, किंवा रुंदी वाढवायला रिम उलट्या बसवल्या असतील, तर बेअरिंग लवकर जाणारच. मुरघासाच्या गोण्यांची नायलॉन सुतळी एक्सलला गुंडाळून सील कापते, तेही बघा.

खोलताना चेनकेसचं (चाकं फिरवणारी चेन ज्यात असते त्या पेटीचं) तेल स्वच्छ घमेल्यात काढा. ताकासारखं पांढुरकं निघालं तर पाणी शिरलंय. चमचमता चुरा दिसला तर बेअरिंग किंवा चेन-स्प्रॉकेट (चेन आणि तिचं दातेरी चाक) झिजतंय. कव्हर उघडून (काही मॉडेलना केबिन उचलावी लागते) चेन ढिली करा, आतल्या टोकाचा स्प्रॉकेटचा बोल्ट काढा, की एक्सल बाहेरच्या बाजूने निघतो. शिम (पातळ चकत्या) असतील तर कुठली कुठे होती ते लिहून ठेवा.

आता एक्सलवर सीलची लिप जिथे घासते तिथे नख फिरवा. अडकलं तर तुमचं दुखणं इथेच आहे. त्या खाचेत नवं सीलही गळतं. बारीक खाच असेल तर पातळ वेअर स्लीव्ह (खाचेवर बसणारी नळी) चढवा, किंवा हाऊसिंगमध्ये जागा असल्यास सील २-३ मिमी आत-बाहेर बसवा, म्हणजे लिप कोऱ्या जागेवर येते. वेल्डिंग भरून लेथवर उतरवायचा सल्ला गावात कोणीतरी देईलच. हार्ड केलेल्या एक्सलचं त्याने वाटोळं होतं.

बेअरिंगचा कप (बाहेरची कडी) आणि कोन (रोलरसकट आतला भाग) जोडीनेच बदला. नव्या कोनला जुना कप ठेवून काटकसर करू नका. कप ठोकायला जुनाच कप बाहेरून थोडा ग्राइंड करून वापरा, म्हणजे आत अडकत नाही. ठोकताना कान द्या: आवाज बद्द असतो, खांद्याला (हाऊसिंगच्या आतल्या पायरीला) टेकला की ठण्ण असा कडक येतो. तरी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून खात्री करा. कोन तेलात १००-११० अंशांपर्यंत तापवला की बसतो. गॅसची ज्योत लावू नका. हातोडा चालवताना चष्मा हवाच, बेअरिंगच्या स्टीलचा कपचा डोळ्यात जातो.

बेअरिंग किती आवळायचं ते मॉडेलप्रमाणे बदलतं. कुठे बोल्टच्या टॉर्कवर भागतं, कुठे शिमवर. आकडा मॅन्युअलमधलाच घ्या. शिमवाल्यात सील आणि चेन न लावता एक्सलला दोरी गुंडाळा, स्प्रिंग काट्याने सावकाश ओढा; एक्सल फिरवायला किती ओढ लागते त्यावरून बेअरिंग किती घट्ट ते कळतं. ६० मिमीच्या एक्सलवर ५ किलोची ओढ म्हणजे साधारण दीड न्यूटन-मीटर.

सीलची लिप तेलाच्या बाजूला, तेल लावून, सरळ दाबून बसवा. चेनकेसला ब्रीदर (हवा जायचं छिद्र) असेल तर तो शेण-मातीने बुजलाय का पाहा; आत दाब वाढला की नवं सीलही तेल सोडतं.

एक्सल निघाला की सीलच्या जागेचा जवळून फोटो टाका. स्लीव्हवर भागेल की नवा घ्यावा लागेल, ते बघून सांगतो.