पगार ३५ हजार, मुलीला पुण्यात इंजिनीअरिंग मिळतंय. सगळ्यांनीच तिकडं बिऱ्हाड हलवावं का?

नका हलवू. तुमच्या दारव्ह्यात (यवतमाळ जिल्हा) घरभाडं नाही, डाळ-जवारी वावरातली. पुण्यात पगाराचा मोठा घास घरमालकच खाईल, वर धाकट्याची शाळा नव्याने. पोरीला एकटीला पाठवा.

आता फीचं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि तुम्ही ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण) किंवा ईडब्ल्यूएसमध्ये (खुल्या वर्गातले आर्थिक दुर्बल) बसत असाल, तर २०२४-२५ पासून मुलींची शिक्षण व परीक्षा फी शासन भरतं. अट एकच मोठी: प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की हे विसरा. अभिमत (डीम्ड) विद्यापीठातही हे चालत नाही. काही कॉलेजं 'आधी पूर्ण भरा, मग परत मिळेल' म्हणतात; तेव्हा शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवायची.

तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा. ऐन प्रवेशात सेतूवर रांग लागते अन् सर्व्हर नेमका तेव्हाच झोपतो. मग महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज. बँक खातं तिच्या आधारशी जोडलेलं पाहिजे.

खरा खर्च राहणं-खाण्याचा. पैसे लागतात पावसाळ्यात, कापूस घरात येतो दिवाळीच्या सुमारास. त्या फटीत सावकाराकडं जाऊ नका, शैक्षणिक कर्ज घ्या. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. सरकारी वसतिगृहाचा अर्जही भरून ठेवा.

आणि अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी मिळत असेल तर? मी तेच घेईन, शनिवारी पोरगी एसटीनं घरी येते.