पानिपतावर बोलणार असशील तर रसदेवर बोल

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

भाषणाचा कच्चा खर्डा वाचला. १४ जानेवारीला पानिपतच्या स्मृतिदिनी बोलायला तुमच्या बचतगटाच्या अध्यक्षेला बोलावलं, हे छानच झालं. पण ‘रणरागिणी’ आधी काढून टाक. टाळ्या मिळतात, पण पुढे काय?

भाऊसाहेब आणि विश्वासराव कसे लढले हे दुसरे वक्ते सांगतीलच. तू आधीचे महिने सांग. ऑगस्ट १७६० मध्ये खर्चाची तोंडमिळवणी होईना, म्हणून भाऊंनी दिल्लीच्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून रुपये पाडले. ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकलं, धान्याची कोठारं हाती आली. त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीची वाट तुटली. डिसेंबरात गंगा-यमुनेच्या दुआबातले मराठ्यांचे अधिकारी गोविंदपंत बुंदेले मारले गेले, तिकडून येणारी मदतही संपली. छावणीत लढणाऱ्यांखेरीज बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकापोरं. एवढी तोंडं आणि दाणा नाही. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं ठरवून फौज बाहेर पडली. शौर्य कमी पडलं नव्हतं गं. आणि नानासाहेबांना बातमी कळली तीसुद्धा सावकारी पत्रातून: मोती, मोहरा, खुर्दा अशा भाषेत.

आता तुझी वही काढ. यंदा हलव्याच्या दागिन्यांची ऑर्डर मोठी आहे म्हणून सगळ्या खूश आहात. हे तुमचं कुंजपुरा. साखर, तीळ, खसखस रोखीनं आणायची, बायकांची मजुरी दर शनिवारी द्यायची, आणि दुकानदार म्हणणार, “ताई, संक्रांतीनंतर बघू.” मधल्या दिवसांत पैसा कुठून येणार? निम्मी रक्कम आगाऊ घे. नाही म्हणाला तर ऑर्डर निम्मी कर. अध्यक्षबाईंनी हे तोंडावर सांगायचं असतं, गटातल्या इतर बायकांना पुढे करायचं नाही.

मालाचंही तसंच. मंद आचेवर परात ठेवून, चमचा चमचा पाक सोडत बोटांनी दाणे फिरवत राहिलं की काटा येतो. हवा ढगाळ असेल तर दाणे नुसते चिकटतात. म्हणून हलवा थंडी आहे तोवर डिसेंबरातच करून घट्ट झाकणाच्या डब्यांत भर. जानेवारीत फक्त गुंफायचं काम राहू दे: तन्मणी, बाजूबंद, बोरन्हाणाचे मुकुट.

भाषणात एखाद्या बाईचं नाव घ्यावंसं वाटलं तर प्रेमाताई पुरवांचं घे. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बाया कामगारांना उधारीवर जेवू घालायच्या. संपात कामगारांचे पगार थांबले, यांची उधारी बुडीत गेली आणि त्या सावकाराच्या दारात उभ्या राहिल्या. प्रेमाताईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायांना सरकारी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गोवामुक्तीच्या लढ्यात उतरलेली ही बाई, पण मुंबईत तिनं हातात घेतली ती कर्जाची कागदपत्रं. मला हे नेतृत्व फार मोठं वाटतं. यावर कुणी पोवाडा करत नाही, हा भाग वेगळा.

भाषण दहा मिनिटांच्या पुढे नेऊ नकोस. आगाऊ रकमेचं दुकानदाराशी याच आठवड्यात बोल आणि तो काय म्हणाला ते कळव. नकार दिला तर पुण्यात दुसऱ्या दोघांशी मी गाठ घालून देईन, पण त्यांनाही हीच अट घालायची.

तुझी,
मावशी