गढूळ पाण्याची बुडी

प्रश्न : पूर आला की नदी तांबडी, गढूळ होऊन जलाशयात शिरते. पण थोड्या अंतरावर रेघ ओढावी तसा गढूळपणा संपतो, पुढे पाणी नितळ. गाळ तिथेच बसतो का?

उत्तर : बसते ती जाडी वाळू. बाकीचं गढूळ पाणी त्या रेघेपाशी बुडी मारतं. जलाशयांची मोजणी करायचो तेव्हा मीही पहिल्याच पुरात फसलो होतो. रेघेपलीकडे वरच्यावर बाटली भरली आणि वहीत ‘पाणी स्वच्छ’ लिहून मोकळा झालो. आमच्या नावाड्याने काही न बोलता दोरीची बाटली तळाजवळ सोडली. वर आली ती चिखल घेऊनच.

सगळा खेळ वजनाचा. 15 अंश सेल्सिअसचं हजार लिटर पाणी 25 अंशांच्या पाण्यापेक्षा साधारण 2 किलोंनी जड भरतं. लिटरमागे 3 ग्रॅम गाळ असला तरी जवळपास तेवढीच भर पडते. फरक किरकोळ, पण पाण्याखाली पाणी घालायला पुरतो. मग ते उतारावरून, बहुतेकदा बुडालेल्या जुन्या पात्रातूनच, तळ धरून वाहतं.

वाटेत नितळ पाणी त्यात मिसळत जातं, गाळ बसत जातो, प्रवाह हलका होतो. आपल्याइतकंच जड पाणी भेटलं की तो तळ सोडून मधल्याच थरात आडवा पसरतो. त्यामुळे वर नितळ, खाली नितळ आणि मध्येच गढूळ असंही सापडतं. नदी कोमट आणि स्वच्छ असेल तर बुडीच नाही; ती वरून पसरते.

जिनिव्हा सरोवरात शिरणाऱ्या ऱ्होन नदीची बुडी फोरेल या शास्त्रज्ञाने 19व्या शतकातच अभ्यासली होती. तिथे सरोवराच्या तळावर घळच आहे. अमेरिकेत हूवर धरणात 1935 साली पाणी अडवल्यावर गढूळ प्रवाह 100 किलोमीटरहून जास्त अंतर तळातून कापून खालच्या दारांतून बाहेर पडला. वर मात्र नितळ पाणी!

असा प्रवाह भिंतीशी पोचतो त्याच वेळी तळाची दारं उघडली तर बराच गाळ त्याच्याबरोबर निघून जातो. उशीर झाला की गाळ बसतो आणि वाहून जातं ते साठवलेलं पाणी.

आणि हो, त्या रेघेवर ओंडके, फेस, काडीकचरा अडकलेला असतो, तो नीट पाहा. बुडणारं पाणी वरचं पाणीही ओढून नेतं, म्हणून पलीकडचं पाणी उलट रेघेकडे येतं. इंजिन बंद केलं की आमची होडी आपोआप नदीच्या दिशेने सरकायची.