गळ्यातील नळी काढण्यापूर्वीची पारख

प्रश्न : आमच्या तीन वर्षांच्या मुलीच्या गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची, म्हणजे श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत बसवलेली नळी आहे. आता तिला व्हेंटिलेटर लागत नाही, तरीही डॉक्टर नळी लगेच का काढत नाहीत?

उत्तर : तुमची घालमेल मी समजू शकतो, पण हा उशीर मुलीच्या हिताचाच आहे. ज्या कारणासाठी नळी बसवली ते दूर झाले आहे का, हे आधी दुर्बिणीने श्वासमार्ग पाहून ठरवावे लागते, कारण छिद्राच्या वरच्या बाजूस श्वासनलिकेत मांसांकुर (मांसाचे लहान उंचवटे) वाढलेले असू शकतात आणि नळी आहे तोवर त्यांचा त्रास बाहेरून जाणवत नाही. त्यानंतर बहुधा लहान मापाची नळी घालून तिचे तोंड टोपणाने बंद करतात, आधी दिवसा जागेपणी आणि मग रुग्णालयात रात्रभर. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, म्हणून खरी परीक्षा रात्रीचीच असते. अगदी लहान मुलांत मात्र बंद नळीच अरुंद श्वासनलिकेत जागा अडवते. त्यामुळे ही चाचणी फसली म्हणजे मूल तयार नाही, असे नेहमीच नसते.

नळी काढल्यावर छिद्रावर घट्ट पट्टी लावून मुलीला साधारण 24 ते 48 तास देखरेखीखाली ठेवतात. त्या वेळी तिच्या मापाची आणि एक माप लहान अशा दोन नळ्या उशाशी तयार असाव्यात. तुम्ही हे निःसंकोच विचारा. श्वास घेताना गळ्याची खळगी आत ओढली जाणे, घरघर किंवा अस्वस्थता दिसली, तर परिचारिकेला तत्क्षणी बोलवा. छिद्र बहुधा आपोआप मिटते. नळी दीर्घकाळ राहिली असेल, तर कधी ते शस्त्रक्रियेने बंद करावे लागते.